न बसणारी क्लचप्लेट

सेलू, ता. ४ ऑक्टोबर १९७८

चि. ओमप्रकाश यास भागीरथा आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुले एक आजी आहे, हे आठवते की पुण्याच्या पाण्यात विसरला? आबाजीच्या फटफटीले प्लेटी आठवणीनं धाडते, माह्यासाठी चार ओळी नाई. हे शेजारची कांता लिहून राह्यली. मले अक्षर येत नाई, तुले येते तर वेळ नाई.

आता ऐक. तुह्या क्लचप्लेटी पुन्हा बसल्या नाई. त्यांचे दात क्लचच्या डब्याच्या खाचेत जात नाई म्हणतात आबाजी. तरी चेहरा खुश. लकव्यानं डावा हात गेल्यापासून माणूस खाट सोडत नव्हता. आता उजेडलं की अंगणात बारदान्यावर बसून उजव्या हातानं एकेक नट रॉकेलमध्ये धुतात. पुलगावच्या लिलावातली ही लष्करी गाडी. तिच्यावर मले वर्ध्याच्या बाजारात नेत, अन् मी पदर दातात धरून डोळे मिटून बसे. गाडी जोडून उभी होईतोवर हातही चालू होईल, असं त्याईनं मनात धरलं आहे. डॉक्टर मले बाजूले नेऊन बोलले, हा हात येणार नाई. अन् क्लच डाव्याच हातानं दाबावा लागते, एवढं मलेही समजते.

म्हणून चुकीच्याच प्लेटी धाडत राहजो. दरवेळी थोड्या वेगळ्या, म्हणजे संशय नाई. लोभ असू दे, बरोबर प्लेट मात्र नको.

भागीरथा


पुणे, ता. ११ ऑक्टोबर १९७८

ती. आजीस ओमप्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

कांताकाकू, हे आबाजींसमोर वाचू नका.

आजी, तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच पार्सल निघालं. या वेळी आबाजींनी झिजलेली प्लेट नमुन्याला पाठवली होती. ती घेऊन जुन्या बाजारात फिरलो. एका भंगारवाल्याकडे तसल्याच गाडीचा क्लच निघाला, दाताला दात जुळला. मी रस्त्यात एकटाच हसलो. हात येणार नाही, हे मला ठाऊक नव्हतं गं. पोस्टमनला गाठ, पार्सल पिठाच्या डब्यात लपव. माझ्यावर राग नको, माया आहे तेवढी राहू दे.

तुझा ओम्या


सेलू, ता. १९ ऑक्टोबर १९७८

चि. ओमप्रकाश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र पार्सलच्या मागून आलं. पोस्टमननं पार्सल आबाजीच्याच हाती दिलं होतं. मग जोडणी चालली. जिथं दोन हात लागले तिथं मले धर म्हणाले, अन् मी धरलं. नाई कशी म्हणू?

काल गाडी सुरू झाली. गल्ली जमा झाली. आबाजी टोपी घालून तिच्यावर बसले. उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून क्लचवर ठेवली. बोटं तिथंच राह्यली. दाबली नाई. बराच वेळ त्या बोटाईकडं पाह्यत होते, जशी कोणा परक्याची. मग मले म्हणाले, उतरव. एवढंच. गाडी बंद कशी करायची हे त्याईलेच माहीत, अन् त्याईले विचारायची कोणाची छाती नव्हती. पेट्रोल सरेपर्यंत ती अंगणात एकटीच फटफटत राह्यली.

तुही चूक नाई. तू बरोबर वस्तू धाडली, ती बसली. कांता लिहिता लिहिता डोळे पुसून राह्यली, तिच्यावर मी रागावली.

तुहा लोभ आम्हा दोघांवर असाच राहू दे.

भागीरथा

ता. क. त्याईचं जेवण तुटलं. भाकर कुस्करून दिली की ताट सरकवतात, संत्रं सोललं की तोंड फिरवतात. पेढे नको, लोक खुशखबर विचारतील. आंबावडी धाडजो, नरम, एका घासाची. कोणी सोलून, तोडून द्यावं लागेल असं काही धाडू नको.