बांगड्यातला काटा

शुक्रवार, दुपारची जेवणं झाल्यावर

लिही गो सुमे, मी सांगते तसंच. तुझं शहाणपण मध्ये नको.

आज तुझ्या भावाशी मी वाईट वागले. बाबू दोन वर्षांपूर्वी माडावरून पडला, मानेचा मणका दुखावला, तेव्हापासून त्याच्या बोटांत जीव नव्हता. मीच काटे काढून मासा भरवायचे. आता डॉक्टरांनी कोपराकडच्या स्नायूची एक दोरी नेऊन अंगठ्याला जोडली आहे, आपण फाटलं जाळं सांधतो तशी. तीन महिने व्यायाम करून आज म्हणाला, बांगडा मीच खाणार. मी ताट ठेवलं.

"आजये, ह्यो बांगडो आसा काय सोललेला केळा? काटो खंय गेलो?"

काटे मी चुलीपाशीच काढले होते. मेली सवय.

"मांजरान खाल्लो."

"मांजराक आजी म्हणतत काय?"

मग माझा अख्खा बांगडा त्याच्यापुढे ठेवला. अंगठा नि बोट लावून तो काटा ओढू लागला. काटा तीनदा निसटला. माझे हात पुढे जायला बघत होते, ते पदराखाली दाबून बसले. चौथ्यांदा मधला काटा सबंध वर आला. बाबूने मनगटाने ताट माझ्याकडे सरकवलं. "आता तू जेव. काटो नाय."

दुसऱ्याने काढलेल्या काट्यावर मी जन्मात भरवसा ठेवला नाही, तुझ्या आजोबांच्याही नाही. आज न चाचपता घास घेतला. एक बारीक काटा लागला. भाताबरोबर गिळला.

एवढं मात्र बाबूला वाचून दाखवू नकोस.