सगळ्यात आतला स्वेटर

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार. वाकून म्हणते ते खरोखरच वाकून, कारण परवापासून मला सरळ उभं राहता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला डॉक्टरांसमोर गेला की थांबतो असं म्हणाला होतात, तो आता घरीही थांबायला लागला का? दोघं बरी असाल असं धरून पुढे लिहिते.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि कागदाला मध्येच "ते राहू दे, जेवलीस का?" असं विचारता येत नाही. (जेवले.) आपलं काय ठरलं होतं ते आधी मांडते, म्हणजे मागाहून कुणी फिरायला नको. मी एकदा, फक्त एकदा, त्या रविवारच्या मंडळींबरोबर समुद्राकाठच्या रानात चालून यायचं. आवडलं तर पुढेही जायचं. नाही आवडलं तर रोज संध्याकाळी सातला फोन करून "घराबाहेर पड गं" म्हणणं तुम्ही कायमचं बंद करायचं, आणि माझा निकाल हाती येईपर्यंतसुद्धा फोन करायचा नाही. तुमचा भाऊ गेल्यापासून दीड वर्ष मी ते एकच वाक्य ऐकते आहे, तेव्हा हा सौदा मला फार सोयीचा वाटला होता. निकाल शेवटी देते. आधी हकिगत ऐका, कारण जे झालं त्यात निम्मा वाटा तुमचा आहे.

पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, वाट सोपी आहे, पोरंसोरंसुद्धा जातात, पाण्याची बाटली घे की झालं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आठवलं की समुद्राकाठच्या हवेचा भरवसा नसतो, ऊन दिसलं तरी रेनकोट हवाच. मग टोपी आठवली. मग गवतातले गोचीड आठवले, म्हणून विजारीचे पाय मोज्यांत खोचायचे ठरले, आणि मोजे भिजतात म्हणून आणखी एक जोड. शेवटी तर शिट्टी. (शिट्टी कशाला, तर हरवलीस तर वाजवायला. वन्सं, दीड वर्षात लाँड्री ते घर यापलीकडे मी पाऊल टाकलं नाही. हरवायलासुद्धा आधी कुठे तरी जावं लागतं.) एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण मी वाचनालयात गेले. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचं सगळं मी पुस्तकं आणून आणून शिकले, त्यामुळे छापलेलं ते खरं मानायची खोड माझी अजून जात नाही. पुस्तक मिळालं ते बर्फात महिनोन्‌महिने एकट्याने राहणाऱ्या एका माणसाचं. त्याचं पाहून मी दोर घेतला, बॅटरी घेतली, आणि उपासमारीचं प्रकरण वाचून उकडलेले बटाटे घेतले, ते जरा जास्तच. बसमध्ये चढले तर कंडक्टरने विचारलं, "बाई, घर बदलताय का?"

त्याच पुस्तकात कपड्यांचा नियम होता. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ घालावेत, हवा बदलेल तसे उतरवावेत. सुती कपडा अंगाला लागून नको, घामाने भिजला की वाळत नाही आणि गार पडतो. लोकर बरी, ओली झाली तरी ऊब धरते. म्हणून मी लोकरीचा स्वेटर सगळ्यात आत घातला, त्यावर गळ्यापर्यंत बटणं लावून शर्ट, त्यावर जाकीट, त्यावर रेनकोट. मी दिवसभर लाँड्रीत बसून दुसऱ्यांचे कपडे आत घेते, लांब करते, उसवते, शिवते. वरचं आधी निघतं आणि आतलं शेवटी, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मंडळींना मी पुस्तकाचा दाखला दिला. तुम्हाला खरं कारण सांगते. स्वेटर तुमच्या भावाचा होता. तो घातल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना, आणि वर घातला असता तर कुणीतरी विचारलं असतं, कुणाचा म्हणून.

मंडळी म्हणजे पुढे चालणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, निवृत्त झालेले एक पोस्टमन आणि दोघी बहिणी. (या दोघी एकच वाक्य वाटून घेऊन बोलतात. एक सुरू करते, दुसरी संपवते, आणि मग पहिली म्हणते की मला तसं म्हणायचं नव्हतं.) सकाळी रानात इतकं धुकं होतं की पाऊस नसताना झाडं गळत होती, आणि रेनकोटावर टपटप ऐकून मी मनात तुम्हाला एक गुण दिला. बूट मात्र माझे दुकानात घालायचे, तळवे गुळगुळीत. ओल्या मुळीवर पाय पडला आणि मी बसले ती थेट ओहोळातच. पाठीचं कारण तेच. दुसरे मोजे तिथेच कामी आले. आणखी एक गुण. पोस्टमन म्हणाले, "बूट नवे नसावेत हे खरं, पण इतके जुने तर मी पेन्शनीतही घालत नाही."

मग धुकं फाटलं आणि ऊन आलं. सगळ्यांनी एकेक कपडा काढला आणि कमरेला बांधून टाकला, जसं काही नळ बंद करावा. मी रेनकोट काढला, जाकीट काढलं, आणि तरी आत शिजत राहिले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं (सवयीने आधी दात पाहिले, मग तोंड) आणि विचारलं की आत काय आहे. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यात धाकट्या बहिणीला माझ्या शर्टाच्या बाहीतून चार बोटं बाहेर आलेली लोकर दिसली, आणि माझं कोण ऐकतंय? दोघी बहिणींनी माझाच रेनकोट पडद्यासारखा धरला, डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहिल्या, पोस्टमनना वाटेकडे तोंड करून उभं केलं आणि कुणी आलं तर वाजवा म्हणून तुमची शिट्टी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती चालते का ते आधी वाजवून पाहिली. रानात शिट्टी म्हणजे मदतीची हाक. दोन मिनिटांत झाडांमधून अनोळखी माणसं धावत आली, एकाच्या हातात औषधांची पेटी.

तेव्हा माझं डोकं स्वेटरमध्ये अडकलेलं होतं. हात वर, गळा निघेना, आणि बाहेर पोस्टमन लोकांना समजावत होते की घाबरण्यासारखं काही नाही, एक बाई फक्त गरम झाल्या आहेत. वन्सं, मी लाँड्रीत काम करते, पण तो स्वेटर मी अजून धुतलेला नाही. आत अंधार होता, आणि मी तिथे जरा थांबले. गरजेपेक्षा जरा जास्तच थांबले असेन, कारण थोरलीने बाहेरून विचारलं, "श्वास घेताय ना?"

मी म्हटलं, "तोच घेतेय."

बाहेर आले. शर्ट परत चढवला. डॉक्टरीणबाईंनी स्वेटर माझ्या कमरेला बांधला आणि बाह्यांची गाठ मारली, तेव्हा धाकटीने विचारलं की एक बाही इतकी लांब कशी. मग मला सांगावंच लागलं. माफ करा, पण तुमचीच गोष्ट सांगितली. हा माझ्या वन्संनी विणला, डावी बाही विणताना त्यांचं भावोजींशी भांडण चाललं होतं, आणि भांडण लांबलं तशी बाही लांबली. तुमच्या भावाने ती वर्षानुवर्षं दुमडून घातली. मी किती वेळा म्हटलं, आत घेऊन देते, माझं पोट त्याच कामावर चालतं. तर म्हणायचे, "नको, ताईला कळलं तर वाईट वाटेल." एकदा तोंड उघडलं ते मिटेना. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम, म्हणून पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टने जायचे, म्हणायचे, मीच जिना चढलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल, तेही सांगितलं. समुद्र दिसेपर्यंत मी बोलत होते. काळ हेच औषध असं कुणीही म्हटलं नाही. पोस्टमननी बटाटा सोलता सोलता एवढंच म्हटलं, "भेटायला हवा होता हा माणूस." बटाटे सगळे संपले, शिट्टी ऐकून आलेल्या आणि गोष्ट ऐकत बरोबर चाललेल्या अनोळखी माणसांनाही मिळाले.

तर निकाल. पाठ दुखते, टाच सोलली आहे, दोर कशालाही लागला नाही. सौद्याप्रमाणे मी लिहून देते की मला आवडलं नाही. तुमचे उपकार फार आहेत, दीड वर्षाचे, आणि ते मी विसरणार नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भावजय

ता. क. वर लिहिलेलं खोटं आहे. येत्या रविवारसाठी मी परत येतानाच नाव देऊन ठेवलं आहे. बूट नवे घेतले, आणि घरात घालून हिंडते आहे.

दुसरा ता. क. ठरवताना आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही, पण आवडलं नाही म्हटलं तर तुमचा फोन बंद, आणि आवडलं म्हटलं तर "घराबाहेर पड" म्हणायला तुम्हाला कारण उरत नाही. काल सातला तुम्ही शब्द पाळलात. मी भाजी चुलीवर तशीच ठेवून फोनपाशी बसले होते, ती करपली. तेव्हा हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगते. मी बाहेर जाऊन आलेली असले तरी फोन करत जा, आणि तेच म्हणत जा.

तिसरा ता. क. रविवारी मात्र आठनंतर करा. सातला मी बसमध्ये असेन.