मॅलकीच्या रिंगा

मी, इमेल्डा कॉफलन, कै. मॅलकी कॉफलन यांची पत्नी, वय एकोणसत्तर, राहणार चॅपल लेन, किलमोयल, परगणा टिपररी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही, असा दाखला त्यांनी वेगळा दिला आहे. तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी गरजेपेक्षा जास्त चांगुलपणा दाखवला होता.

माझे वकील श्री. ओवेन डार्सी यांनी हा कागद ऑगस्टमधल्या जुन्या मोटारसायकलींच्या मेळ्याच्या दिवशी, चहापाणी झाल्यावर, आमच्या वर्कशॉपच्या अंगणात, क्लबच्या सभासदांसमोर मोठ्याने वाचावा. जिथे थांबा म्हटले आहे, तिथे थांबावे.

१. घर आणि वर्कशॉप माझी पुतणी ग्रोनिया हिला द्यावे. ग्रोनिया ही माझे मोठे दीर फिनबार कॉफलन यांची मुलगी. ती बस डेपोत इंजिने दुरुस्त करते आणि दर रविवारी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर माझ्याकडे चहाला येते. तिच्या वडिलांनी तिला कधी हातात पाना धरू दिला नाही. आता पाने तिचे आणि दारही तिचे. वडिलांना आत घ्यायचे की उंबऱ्यावर उभे ठेवायचे, हे तिने ठरवावे.

२. बँकेतली शिल्लक वृद्ध सिस्टरांच्या आश्रमाला द्यावी. तिथे शेवटच्या खोलीत आमच्या विज्ञानाच्या सिस्टर बेनिग्ना वारल्या. "मुलींनो, आधी काय दिसलं ते लिहा. त्याचा अर्थ नंतर," असे त्या म्हणायच्या. शाळेत मला त्यांचा कंटाळा यायचा. त्या खोलीची खिडकी नीट बंद होत नाही, ती आधी दुरुस्त करावी.

३. माझी जाऊ, फिनबार यांची पत्नी ऊना, हिला तिचे पांढरे ताट परत करावे. १९८६च्या मेळ्यानंतर दुसऱ्या दिवशी तिने त्यातून हॅमची सँडविचेस पाठवली होती. आमच्याकडे असे ताट मयताच्या घरी नेतात. मॅलकी तेव्हा जिवंत होता आणि स्वयंपाकघरात बसला होता. क्लबने १९८५ साली मॅलकीला दिलेला चांदीचा कप क्लबला परत करावा. तो घासू नये.

४. आता मॅलकीची मोटारसायकल. १९५१ सालची, एका सिलिंडरची, पाचशे सीसीची. ही गाडी मॅलकी आणि फिनबार यांच्या वडिलांची. ती आपल्याला मिळावी, अशी फिनबार यांची इच्छा लहानपणापासून आहे, हे इथे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी ती त्यांना देते, एका अटीवर. गाडीचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, गेलेले आहे. ते का गेले, हे त्यांनी सर्वांसमोर शोधावे आणि मोठ्याने सांगावे. कॉम्प्रेशन गेज आणि तेलाचा डबा बाकावर ठेवला आहे. प्लग काढल्यावर किक हलकी लागते, सत्त्याहत्तर वर्षांच्या पायालाही जमेल. तेव्हा गुडघ्याची सबब चालणार नाही. ते नकार देत असतील तर कलम ८ वाचावे.

इथे वाचन थांबवावे. तपासणी पुरी होऊ द्यावी. फिनबार यांचा हात सर्वांत आधी गाडीच्या कुठल्या भागाला लागतो, ते डार्सीसाहेबांनी लिहून ठेवावे. हे त्यांना मी आधीच सांगून ठेवले आहे, म्हणून ही ओळ मोठ्याने वाचू नये.

५. तपासणी झाली असेल तर पुढे वाचावे. इथून पुढे मी फिनबारला अहो-जाहो करणार नाही.

१९८५च्या हिवाळ्यात मॅलकीने या गाडीचे सिलिंडर आतून बोअर करून नीट केले, नवा पिस्टन घातला, त्याभोवती हवा अडवणाऱ्या रिंगा बसवल्या. रिंगेच्या दोन टोकांतली फट तो खिडकीपाशी उजेडात पाहायचा आणि रोज मला बोलवायचा. मला त्यातले काही कळत नसे. त्याच्या मानेला येणाऱ्या साबणाच्या आणि तेलाच्या वासासाठी मी जायचे. १९८६च्या मेळ्याच्या सकाळी फिनबार आला. भावासाठी भेट म्हणून त्याने डाव्या हँडलखालच्या छोट्या लिव्हरला नवी केबल आणली होती. ती त्याने स्वतः बसवली. ही लिव्हर ओढली की धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलला जातो, दाब सुटतो आणि किक मारणे सोपे होते. सोडली की व्हॉल्व्ह बंद.

दुपारी चढावर गाडीचा जीव गेला. लोक ढकलत ती अंगणात घेऊन आले. फिनबारने प्लग काढला, गेज लावले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारल्या. सुई साठापाशी थांबली. शंभराच्या वर जायला हवी होती.

"अरे मॅलकी, रिंगा बसवल्यास की नुसत्या आत टाकल्यास?" तो म्हणाला. "हे सिलिंडर आईला दे. जिरेनियमची फुलझाडं लावील त्यात."

अंगण हसले. जे आज हे ऐकत आहेत, त्यांतले निम्मे तेव्हा हसले होते. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा माप घ्यावे, हे त्यांतल्या एकालाही सुचले नाही. त्या वर्षानंतर मॅलकीकडे कोणी इंजिन आणले नाही. बावीस वर्षे त्याने दूधडेअरीचा ट्रक चालवला आणि या गाडीवरची ताडपत्री कधी काढली नाही.

६. मॅलकी २००८ साली गेला. पुढच्या वसंतात मी त्याची पेटी आवरायला घेतली. गेजच्या डब्यात चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी सापडली. तारीख मेळ्यानंतरच्या आठवड्यातली. दृष्टी उत्तम, दोष नाही, असे तिच्यावर लिहिले होते.

मग मी ताडपत्री काढली. गाडीचे पुस्तक समोर उघडे ठेवले आणि सिस्टर बेनिग्नांनी शिकवल्याप्रमाणे आधी आकडे लिहिले. कोरडे माप: बासष्ट. तेल घातल्यावर: चौसष्ट. रिंगा झिजल्या असत्या किंवा चुकीच्या बसल्या असत्या, तर तेलाने फट बुजून सुई भराभर चढली असती. ती चढली नाही. म्हणजे हवा वरून जात होती, व्हॉल्व्हमधून. मी लिव्हरला बोट लावले. तिला जराही ढिलाई नव्हती. केबल इतकी ताणलेली होती की लिव्हर न ओढताही व्हॉल्व्ह केसभर उघडा राहत होता. मी केबल सैल केली आणि पुन्हा किका मारल्या. एकशे अठरा.

मी वर्कशॉपच्या फरशीवर बसून रडले. मग उठले आणि केबल पुन्हा फिनबारने ठेवली होती तितकीच ताणून ठेवली. दहा वर्षे कोणाला बोलले नाही. चहाच्या टेबलावर बोलले असते तर त्याने हसण्यावारी नेले असते. फक्त कन्फेशनमध्ये फादरांना सांगितले. त्यांनी क्षमा करायला सांगितले. त्यांनी सांगितलेल्या सगळ्या प्रार्थना मी म्हटल्या. क्षमेचे वचन दिले नाही.

७. केबल ताणली गेली ती चुकून की मुद्दाम, हे मला ठरवता आलेले नाही. ते फिनबारचा हातच सांगेल. डार्सीसाहेबांनी आता आपली नोंद वाचावी.

त्याने आधी गेज लावले असेल, तेल घातले असेल आणि शोधत शोधत लिव्हरपर्यंत आला असेल, तर ती चूक होती. गाडी त्याची. मात्र त्याने इथेच उभे राहून, टोपी काढून म्हणावे, "मॅलकीच्या रिंगा बरोबर होत्या." आईच्या जिरेनियमच्या थट्टेबद्दलही माफी मागावी.

त्याने आजही रिंगांवरच बोट ठेवले असेल, तर एका अडाण्याच्या शब्दावर तुम्ही सगळ्यांनी एक चांगला कारागीर मोडलात. गाडी ग्रोनियाची.

आणि गेजला हात लावायच्या आधी त्याचा हात लिव्हरकडे गेला असेल, तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. गाडी ग्रोनियाची. आणखी शिक्षा मी लिहीत नाही. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिले आहे, आणि त्याला याच गावात राहायचे आहे.

८. त्याने तपासणीच नाकारली, तर कलम ५ आणि ६ त्याच्यासमोर वाचावीत. तो निघून गेला असेल तर त्याच्या दारात जाऊन वाचावीत. गाडी ग्रोनियाची.

९. काहीही झाले तरी केबल ग्रोनियाने सैल करावी, तिनेच किक मारावी आणि गाडी त्याच चढावर न्यावी. तो चढ दफनभूमीच्या भिंतीला लागून वळतो. आम्ही दोघे तिथेच असू. वळणावर तिने गिअर बदलू नये. या इंजिनात तेवढा जोर आहे.

१०. शेवटचा हिशेब माझा आहे. त्या संध्याकाळी मीही फिनबारचेच खरे मानले होते. मॅलकी हात धूत होता आणि मी त्याला म्हटले, "एकदा डोळे तपासून घे ना. चष्मा लागला असेल."

तो म्हणाला, "हो गं, लागला असेल." आणि गुपचूप जाऊन तपासून आला.

हे वाचले जाईल तोपर्यंत मी त्याची माफी मागितलेली असेन. वळणावर आवाज आला की तो माझ्याकडे बघेल.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले, वाचून पाहिले आणि एक शब्दही सौम्य केला नाही.

(सही) इमेल्डा कॉफलन

आमच्या समक्ष सही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
(सही) ब्रिजिड लूनी, निवृत्त पोस्टमास्तर, किलमोयल
(सही) टर्लक हेनेसी, दूधडेअरी, किलमोयल. १९८६ साली मी हसलो होतो.

किलमोयल, ३ मार्च २०१९