डाव्या इंडिकेटरची जागा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (केस पिकले तरी तुझ्यापुढे धाकटाच). तुझे गुडघे, भावोजींचे पित्त आणि भाचीचा अभ्यास ठीक चालला असेल असे धरून पुढे लिहितो. इकडे बाबांचा खोकला गेला, तुझ्या भावजयीची कंबर बरी आहे, मीही धडधाकट आहे. आजारी आहे ती फक्त गाडी.

परवा तू फोनवर बजावलेस की "ते डबडे विकून टाक आणि बाबांना माझ्याकडे पाठव, आई गेल्यापासून ते खुर्चीतून हलत नाहीत असे तूच सांगत होतास." फोनवर तुझ्यापुढे माझी डाळ शिजत नाही (बाबा तुला मुकादम म्हणायचे ते काही उगाच नाही), म्हणून पत्राचा घाट घातला. पत्रात निदान मध्येच तोडता येत नाही.

गाडी विकणारे गृहस्थ म्हणाले होते की आमच्या सौ. भाजी आणायला नेत, त्यापलीकडे तिने जग पाहिलेले नाही. मी भाळलो. घरी आणली, फाटकाशी ब्रेक दाबला, तर मागे इंडिकेटर लागले. डावा इंडिकेटर दिला, तर ब्रेकचा दिवा, रिव्हर्सचा दिवा आणि नंबरप्लेटवरचा मिणमिणता बल्ब असे सगळे मिळून उघडझाप करू लागले. शेजारचे बँकवाले बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग त्यांनी अदबीने विचारले की गाडीला काही सांगायचे आहे का. मी लाजेने काळवंडलो असताना वरून खिडकीतून आवाज आला, "ब्रेक सोड. आता पुन्हा दाब." बाबा होते. कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'भूक नाही' यांखेरीज काही निघाले नव्हते. थोड्या वेळाने ते स्लिपरा फटफटवत खाली आले, आणि हातात काय असावे? वायरीत वीज येते की नाही ते बघायचा त्यांचा जुना टेस्ट लॅम्प. तोच, चिकटपट्टी गुंडाळलेला. तो कुठल्या ट्रंकेत होता हे आम्हा नवरा-बायकोला माहीत नव्हते.

तुला ती राखाडी गाडी आठवते ना? रविवारी सकाळी बाबा आपली हजेरी घ्यायचे. ते आत बसणार, आई मागे ब्रेकच्या दिव्यांशी, तू डाव्या इंडिकेटरला, मी उजव्याला. ते ओरडायचे, "ब्रेक?" आणि आपण ओरडायचे, "आहे." तू मात्र कधी नुसते 'आहे' म्हणाली नाहीस. "आहे, पण मंद आहे, आणि उशिरा लागतोय," असा अहवाल द्यायचीस आणि बाबांना उतरायला लावायचीस. आईचे लक्ष सगळे गॅसवरच्या दुधाकडे. ती न बघताच 'आहे' म्हणून मोकळी व्हायची. बाबांना ते कळायचे. ती आत गेली की ते गुपचूप उतरून स्वतः बघून यायचे, पण तिला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

आता रोज संध्याकाळी मी ब्रेकवर पाय ठेवून बसतो. बाबा मागे जाऊन "ब्रेक?" म्हणून स्वतःच विचारतात आणि "आहे" म्हणून स्वतःच उत्तर देतात. एकदा सवयीने ओरडले, "डावीकडे कोण आहे?" मी आरशात बघितले. तेही त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. ताई, मला रडू आले. मी ते डॅशबोर्डवर ढकलले, की धूळ फार आहे.

शेवटी एका दुपारी बाबा झोपलेले पाहून मी गाडी वायरमनकडे नेली. त्याने डिकीतली सतरंजी उचलली, मागच्या दिव्यांच्या अर्थिंगचा एक गंजका बोल्ट घासला, आवळला, आणि म्हणाला, "झालं." मागवलेला चहा अजून यायचा होता. मी विजयी मुद्रेने घरी आलो. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, "छान झालं" म्हणाले, आणि वर जाऊन खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागली. म्हणून त्या संध्याकाळी मी डिकी उघडली आणि तो बोल्ट दोन आटे सैल केला.

तेव्हापासून बिघाड सुखरूप आहे. बाबा वेळेवर दाढी करतात, वायरींचे रंग कागदावर काढतात, जेवताना फ्यूजवर बोलतात आणि आईच्या गोष्टी सांगतात. शोध बोल्टच्या जवळ येऊ लागला, की मी रेडिओच्या खरखरीचा विषय काढून त्यांना पुढच्या सीटवर नेतो. ऑफिसला मी बसने जातो (गाडी ऑफिसला जायलाच घेतली होती, याची तुझी भावजय मला रोज आठवण करून देते). तेव्हा गाडी विकायची नाही आणि बाबांनाही पाठवायचे नाही. रागावू नकोस.

तुझा,
बारक्या

ता. क. खरे काम राहिलेच. सुट्टीत तू ये. एक माणूस कमी पडतो. मात्र भावोजींना डिकीपासून लांब ठेव. ते कारखान्यात हेच काम करतात, हात लावताक्षणी गाडी दुरुस्त करून टाकतील आणि वर आपल्यावरच उपकार केल्यासारखे हसतील.

आणखी ता. क. बाबा पाय मोकळे करायला निघालेत, त्यांच्याच हाती पत्र पोस्टात टाकायला देतो. दुसऱ्याचे पत्र ते वाचत नाहीत, तुला ठाऊकच आहे.

चि. मुकादमास बाबांचे अनेक आशीर्वाद. पाकीट नीट चिकटवलेले नव्हते. बारक्याचे कुठलेच काम घट्ट नसते. त्याने सैल केलेला बोल्ट मला दुसऱ्याच दिवशी सापडला. तो ऑफिसला गेला की मी आवळतो, गाडीतून बाजारात चक्कर मारून येतो, आणि तो परतायच्या आत पुन्हा दोन आटे सैल करून ठेवतो. त्याला हे सांगू नकोस. आई गेल्यापासून तो घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता माझ्यापाशी येऊन बसतो, बोलतो. तू जरूर ये. डावीकडे उभी राहा, आणि या खेपेला अहवाल नको. आई म्हणायची तसे, न बघता 'आहे' म्हण.