पोटुशा उंदरिणींची ओटी

अहिल्यानगर, बुधवार

तीर्थरूप बनुआत्यास,
वृषालीचा मान खाली घालून साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? राजूरच्या गारठ्यात तेल लावतेस ना? इकडे नितीनराव खुशाल आहेत, मी नाही. महिना झाला तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.)

माझं काम काय, ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. उंदरिणीला दिवस गेले की गर्भ पिशवीच्या अस्तराला टेकतो आणि तिथल्या साध्यासुध्या पेशी बदलू लागतात. फुगतात, दाटी करतात, वार तयार होईपर्यंत गर्भाला पोसतात, आणि पुढे बऱ्याचशा विरून जातात. त्या येतात कुठून आणि वाढतात कशा, हे शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. त्यासाठी पाचव्या दिवसापासून दहाव्यापर्यंतच्या सहा जणी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्या होत्या. तू चार दिवस माझ्याकडे आली होतीस, मला एक दिवस पुण्याला जायचं होतं, म्हणून पाणी घालायचं काम तुला सांगितलं. (प्रयोगशाळेत घरचं माणूस आणू नये, हा नियम मला पाठ होता.) तुझा जीव कळवळला. "पोटुशा हायेत गं बाया, एकेकट्या कशाला कोंडल्या? सोबत नको व्हय?" असं म्हणत तू सहाही जणी एका पिंजऱ्यात घातल्यास, तांदूळ-खोबऱ्यानं ओट्या भरल्यास आणि पांढऱ्याशुभ्र कपाळांना कुंकू लावलंस. सकाळी प्रयोगशाळेच्या सरांनी ते पाहिलं आणि कसलीशी साथ आली समजून खोलीला कुलूप ठोकलं. कुंकू धुतल्यावरसुद्धा पाचव्या दिवसाची कोण आणि आठव्या दिवसाची कोण, ते त्या उंदरिणींनाच ठाऊक.

एवढं झालं तरी चाललं असतं. पण मी तुला म्हणाले, "तुझ्या पोटी मूल नाही, तुला काय कळणार?" आत्या, आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास, तापात उशाशी तू बसलीस, आणि मी हे बोलले. मला फार लाज वाटते. तू पिशवी भरलीस. मी स्टँडवर पोचले तोवर एसटी सुटली होती.

तुझी भाची,
वृषाली

ता. क. सहाही जणी सुखरूप बाळंत झाल्या. दिवसांचा घोळ झाल्यामुळे त्या पेशी बघायला एकीलाही कापावं लागलं नाही. सर अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणखी एक. मला उंदरांच्या वासानं उलट्या होतात, असं नितीनला वाटतं. तसं नाहीये. दुसरा महिना लागलाय. त्याला अजून सांगितलं नाही, तुझ्याआधी कुणाला सांगवेना. ये ना, आत्या.