मागच्या जाळीवरची विभूती

११ मार्च २०२५, मंगळवार

मागच्या पलंगावर हवा येतच नाही! पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर काश्मीर, मागं नांदेड.

आमच्या पोरानं, रविकिरणनं, ही गाडी सहलीवाल्यांना भाड्यानं द्यायला घेतली. आत पलंग, शेगडी, मोरी, टपावर एसी. पोरगं हुशार, पण छतातल्या डक्टमध्ये हवा कुठं मुरते ते त्याला सांगता येत नाही. पाडव्याला श्रीशैल गाठायचंय. नवस माझा आहे. हैदराबादच्या दवाखान्यात बोललो होतो — बायको, शिवकन्या, ऑपरेशनमधून उठली तर तिला मल्लय्याच्या पायांवर घालीन. डॉक्टर म्हणाले, हिला उकाड्यात नेऊ नका. म्हणजे मागं हवा पोचलीच पाहिजे.

१२ मार्च

नायगावचा मेकॅनिक व्यंकटी आला. छताची पट्टी उघडली तर डक्टचा सांधा सुटलेला, अर्धी हवा छताच्या पोकळीत! चंदेरी टेप मारली त्यानं. "आता बगा मालक, पडदा उडून राहिला." खरंच उडत होता. शिवकन्येला बोलावून दाखवलं. जाळीखाली हात धरला, "लई गार हाय" म्हणाली आणि घरात निघून गेली. जरा खूश व्हायला काय झालं होतं?

१४ मार्च, धुळवड

पडदा ढिम्म. परवा उडत होता, आज हलत नाही. चाळीस वर्षं भुसाराचं दुकान चालवलंय मी. मापात पाप कसं शिरतं ते मला कोणी शिकवू नये. मेकॅनिकचं पोट बिघाडावर!

१५ मार्च

व्यंकटी आला, एसी लावला — आणि पडदा उडाला! त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. "टेप जशीच्या तशी हाय मालक. काय बी बिघडलं न्हाई."

"तू आलास की चालते, गेलास की मरते. हवा काय खिशात घालून नेतोस?" शेजारी ऐकत होते. ऐकू दे.

त्यानं पाने पिशवीत टाकले. "इमान काढू नका मालक. दुसरा माणूस बगा." गेला. चोराच्या उलट्या बोंबा!

१६ मार्च

स्वतःच शिडी लावून चढलो. शेवटच्या जाळीपुढंही हातभर डक्ट रिकामा पडलेला, हवा तिथं जाऊन घोटाळत होती. थर्मोकोल कापून तेवढा भाग बुजवला. पुढच्या जाळ्या अर्ध्या झाकल्या. उदबत्ती धरली तर धूर सरळ पलंगाकडे. कोण म्हणतं दुकानदाराला यातलं कळत नाही?

१७ मार्च

पडदा परत मेला! जाळी उघडावी म्हणून स्क्रू-ड्रायव्हर आणायला घरात गेलो. सापडेना. शेवटी शेजारून आणला. आलो तर पडदा फडफडतोय! पायरीवर शिवकन्या मेथी निवडत बसलेली. "कोणी आलतं का?" "न्हाई बा."

भूत तर नाही ना गाडीत? भुताला स्क्रू कसे काढता येतील? रविकिरणकडे दुसरी किल्ली आहे. कालच फोनवर म्हणत होता, "अप्पा, पाडव्याला लग्नवाले गाडी मागून राहिलेत. आईला पुढल्या महिन्यात नेलं तर?" अस्सं. पोटचं पोरगं! व्यंकटी त्याचाच माणूस. दोघं मिळालेले असणार.

१८ मार्च

खळ्यावर धान्याच्या राशीला राखेचे ठसे मारतात. कोणी हात घातला की ठसा मोडतो, चोरी उघडी पडते. आज मीही तसंच केलं. मागच्या जाळीवरून छतापर्यंत विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. मोडल्याशिवाय जाळी निघणारच नाही. आता बघतो.

१९ मार्च

पडदा मेलेला. रेघा मात्र शाबूत!

चष्मा लावून जवळ गेलो. रेघा माझ्या नव्हत्याच. माझी बोटं जाड, रेघ पसरट उमटते. या बारीक, सरळ, एका दमात ओढलेल्या. व्यंकटीनं नुसत्या पुसल्या असत्या. रविकिरणला तर विभूती लावून वर्षं झाली. मोडलेली विभूती तशीच सोडून जायला ज्याचं मन धजत नाही, असा कसला हा चोर?

जाळी काढली. आत शिवकन्येच्या जुन्या इरकल लुगड्याचा बोळा.

तणतणत घरात गेलो. ती पूजेला बसली होती, भिंतीकडं तोंड करून. दवाखान्यातून आल्यापासून अशीच बसते. मला वाटायचं, अशक्तपणा आहे, कोणी समोर नको वाटत असेल. मी मागं जाऊन उभा राहिलो. डावा तळहात पुढं धरलेला. त्यावर पाणी सोडलं, बेलाचं पान ठेवलं. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग नव्हतं. रिकाम्या हाताची पूजा चालली होती.

तिनं मागं वळून पाहिलं. लपवायला काही राहिलंच नव्हतं.

"दवाखान्यात गळ्यातून काढलं त्यांनी. शुद्धीत आले तवा लिंग बांधायचं वस्त्र तेवढं उशाशी. आत लिंग न्हाई. इचारलं, कोणाला ठाव न्हाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी नवस बोलून बसलेले. लिंग गेलं तर आधीची माणसं जीव द्यायची. मी तर जेवून-खाऊन हिंडून राहिले. मोकळ्या गळ्यानं मल्लय्यापुढं कशी हुबी राहू? तुमाला न्हाई म्हणवंना. मग हवाच बंद केली. कोणी जाळी उघडायला निघालं की बोळा काढून घ्यायचे."

मी खाली बसलो. जीव द्यायची, हे ती किती सहज बोलली! मला लाज वाटली. हवा कुठं गळते म्हणून फट न् फट चाचपली मी. तिच्या गळ्यातली गाठ पोकळ आहे हे सहा महिने दिसलं नाही मला.

"तुझ्या माहेरच्या मठात जाऊ. स्वामी दुसरं देतील."

"कोणाला कळता कामा न्हाई. पोरालाबी."

२० मार्च

व्यंकटीला फोन केला. चुकलं म्हणालो. "मग हवा कुटं गेलती मालक?" सांगितलं नाही. नवस पाडव्यालाच फेडीन असं मल्लय्याला कुठं लिहून दिलंय?

२२ मार्च

एसटीत लिहितोय, अहमदपूरच्या मठाच्या वाटेवर. शिवकन्या उघड्या खिडकीशी बसलीय, गरम झळा तोंडावर घेत. डुलकी लागलीय तिला.

निघताना रविकिरण गाडी तपासायला आला. मागं हवा नाही. "व्यंकटीनंच वाट लावली," म्हणाला. मी म्हणालो, त्याचा काही दोष नाही, मीच बिघडवलं. हवेशिवाय आईला पाडव्याला नेत नाही, गाडी लग्नवाल्यांना दे, त्याआधी त्याच्याकडून नीट करून घे.

खोटं नव्हतं ते. इरकलीचा बोळा पहाटे मीच परत आत कोंबला होता.