सोयाबीनची खाज

वडनेर,
२५ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप नानास,

सुलूचा नमस्कार. इंदिरावहिनीलाही सांग.

इकडे ठीक. सोयाबीन निघालं. दाणा बारीक आहे, पण आहे. तुझा भाचा नागेश कापसाच्या मागे आहे, सूनबाई चंचल दिवाळीच्या फराळाला लागली आहे.

यंदा भाऊबीजेला माझं येणं होणार नाही. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, घर सोडून निघता येत नाही. हसू नकोस. मागल्या साली तर मी वेचणी अर्धवट टाकून आले होते, ते तुला आठवतच असेल.

खरं कारण फोनवर सांगायला घेतलं, पण तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर. वहिनी ऐकणार, शेजारच्या आनंदाबाई ऐकणार. आणि शब्द असा की साठीच्या बाईच्या तोंडातून निघत नाही. रूपराव मास्तर उद्या तुमच्या सेवाग्रामला दवाखान्यात येताहेत, म्हणून त्यांच्या हाती हे पत्र.

नाना, आमच्या घरात खरूज आहे. मला, नागेशला, चंचलला, सगळ्यांनाच.

लिहिलं एकदाचं.

दसऱ्याला तूच विचारलं होतंस ना, "काऊन वं सुले, लयच खाजवून राह्यली?" आणि मी म्हटलं, "सोयाबीनचं कुटार लागलं रे, मळणीवरूनच उठून आली." मला खरंच तसं वाटलं होतं. मळणीच्या दिवसांत त्या भुशानं आपल्याकडे कोण खाजवत नाही? पण मळणी संपली तरी खाज काही संपेना. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आलं. काल हिंगणघाटला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी हात पाहताच ओळखलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं, कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवायची. कुठून आली ते शोधत बसू नका, म्हणाल्या.

मग मी तुझं सांगितलं. वहिनीनं तुला आपलं मूत्रपिंड दिलं, ते अंगानं नाकारू नये म्हणून तू गोळ्या घेतोस, आणि त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते, हे सगळं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"त्याइले खाज येईनच असं नाई, काकू. नुसते पापुद्रे धरतीन अन् अंगभर पसरून जाईन. वाट पाहू नका, दाखवाले सांगा."

दसऱ्याला तुला सोनं दिलं आणि मग गप्पा मारत कितीतरी वेळ तुझे पाय तेलानं चोळत बसले मी. तुला किती बरं वाटलं होतं! वहिनीनं दारातच दोनदा हात धुवायला लावले, तेव्हा मला राग आला होता. सख्ख्या बहिणीला हे कसलं सोवळं, असं मनात आलं. तिला सांग, तिचंच बरोबर होतं. पण ही खरूज हात धुतल्यानं जात नाही रे. कालपासून जीव थाऱ्यावर नाही माझा.

तेव्हा पत्र वाचलं की मास्तरांसोबतच दवाखान्यात जा. खाज नसली तरी जा. वहिनीलाही ने. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही मलम लावू नकोस. आणि खरूज म्हणायची लाज वाटली, तर बहिणीनं आणली म्हणून बेधडक सांग. माझी लाज आता उरली नाही.

भाऊबीजेला मी ताट लावीन. भाऊ जवळ नसला की बाया चंद्राला ओवाळतात, तसं अंगणातूनच ओवाळीन. आमच्या पलीकडची बायजा दरवर्षी ओवाळते, तिचा भाऊ वारल्यापासून. ताट खाली ठेवून ती बराच वेळ तशीच उभी राहते. मी दरवर्षी तुझ्याकडून परत आले की ती विचारते, "भेटला का वं भाऊ?"

नाना, मला चंद्राला एकदाच ओवाळायचं आहे. पुढच्या भाऊबीजेला तू पाटावर बसलेला पाहिजेस. आज जा.

तुझ्यासाठीच यंदा लांब राहणारी,
सुलू